मानवाधिकार, शांतता की मुलींचं शिक्षण? विषय नंतर, आधी हातातलं काम ठरव

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे: वय २७, इंग्रजी घेऊन बीए, मग बीएड, तीन वर्षं माध्यमिक शाळेत शिकवतेस आणि आता मानवाधिकार, शांतता आणि मुलींचं शिक्षण या क्षेत्रात यायचंय. एलएलएम (कायद्यातलं मास्टर्स) करू की पीस स्टडीजमध्ये, म्हणजे शांततेच्या अभ्यासात, एमए, यूएनमध्ये (संयुक्त राष्ट्रांत) शिरायचं कसं, यात पोट भरतं का, आणि घरचे म्हणतात हे धोक्याचं काम आहे, ते खरं का. मी या कामात बरीच वर्षं आहे, आधी शिक्षणाच्या प्रोजेक्टवर होते, मग साक्षी नोंदवायच्या कामात आले, हल्ली नवीन टीमना ट्रेनिंग देते. ताई म्हणून विचारलंयस म्हणून एकेरीतच लिहिते.

तू लिहिलंयस त्यात विषय तीन आहेत, पण काम एकही नाही. टोचायला म्हणत नाहीये, जवळजवळ सगळे असंच विचारतात. पण कुठल्याही संस्थेची जाहिरात उघडून बघ, 'मानवाधिकारांची तळमळ असलेली व्यक्ती पाहिजे' एवढ्यावर कुणी घेत नाही. तिथे साक्षी नोंदवणारा माणूस पाहिजे असतो, कायद्याचा मसुदा लिहिणारा, शिक्षकांना ट्रेनिंग देणारा, एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन गटांना एका खोलीत बसवून बैठक चालवणारा, प्रोजेक्टचं मॉनिटरिंग आणि हिशोब सांभाळणारा, दुभाषा. तळमळ सगळ्यांकडेच असते गं, निवड होते ती काय करता येतं त्यावर. आणि तुझ्याकडे एक काम आधीच आहे, चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग चालवणं, ते तू अर्ध्या ओळीत उरकलंस. माझ्या मते तुझा रस्ता तिथूनच जातो.

तिन्हीतलं नेमकं काय निवडू असंही विचारलंयस. हे तीन विषय वेगळे असतात ते ऑफिसात, तिथे फंड वेगळा, अहवाल वेगळा, बैठकीची खोलीसुद्धा वेगळी. प्रत्यक्ष गावात किंवा छावणीत ते वेगळे काढता येत नाहीत. एक उदाहरण सांगते, जागेचं नाव घेत नाही कारण त्या बायका अजून तिथेच राहतात. लढाई थांबून फार दिवस झाले नव्हते, शाळा पुन्हा सुरू झालेली, खालच्या वर्गांत मुली भरपूर आणि सहावीपासून हजेरीपटावर एकदम गळती. प्रोजेक्टने दप्तरं वाटली, वह्या वाटल्या, पालकसभा घेऊन मुलींना शिकवणं किती महत्त्वाचं आहे ते समजावलं, आकडा काही हलेना. मग तिथल्याच एका शिक्षिकेने मुलींच्या आयांना घेऊन जमिनीवर मोठा कागद पसरला आणि घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता काढायला लावला. घरं आली, विहीर आली, पडकी भिंत आली, आणि वळणावर आला चेकपोस्ट. तिथली बंदूकवाली पोरं बारा-तेरा वर्षांच्या मुलींना थांबवायची, दप्तर उघडायला लावायची, नको ते बोलायची. शिक्षणाचं महत्त्व त्या आयांना पुरेपूर कळत होतं, पण त्यांना हा चेकपोस्टही माहीत होता, आणि तो आमच्या एकाही फॉर्ममध्ये नव्हता कारण तो प्रश्नच कुणी विचारला नव्हता.

पुढे काय काय करावं लागलं ते नीट बघ. रोज काय होतं त्याच्या तारीख-वेळेसह नोंदी ठेवल्या, मुलींची नावं न लिहिता. दोन्ही बाजूंना मान असलेल्या एका वयस्कर बाईंना मध्ये घालून तिथल्या कमांडरशी बोलणी केली, एकदा नाही, परत परत. आणि शाळेने वरच्या वर्गांची वेळ बदलली, मुली गटाने आणि सोबत एक मोठी बाई असं जायला लागल्या. आता यातलं मानवाधिकार कुठलं, शांतता कुठली, शिक्षण कुठलं? हजेरी सुधारली, पूर्ण नाही सुधारली, काही मुलींची तोवर लग्नं होऊन गेली होती. पण हे तीन धागे एकत्र धरता येणारी माणसं फार थोडी आहेत आणि ती सगळ्यांना हवी असतात, म्हणून तू तिन्ही म्हणालीस त्यात चूक काही नाही, फक्त आत शिरताना एकच धागा घट्ट धरायचा.

वरच्या पातळीवरही हेच आहे. २००० साली, ३१ ऑक्टोबरला, यूएनच्या सुरक्षा परिषदेने ठराव १३२५ केला, की शांततेच्या बोलण्यांत आणि त्यानंतरच्या उभारणीत बायका असल्या पाहिजेत आणि युद्धात त्यांचं संरक्षण झालं पाहिजे. २०१५ मध्ये ऑस्लोमध्ये सेफ स्कूल्स डिक्लरेशन आलं, म्हणजे लढाईत शाळा वाचवायच्या आणि सैन्याने शाळांचा तळ करायचा नाही अशी सरकारांची कबुली. सीडॉ, म्हणजे स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याचा यूएनचा करार, १९७९ चा, त्याच्या कलम १० मध्ये मुलींच्या शिक्षणाचा हक्क सरळ लिहिलाय, आणि तो पाळला जातोय का ते बघणारी सीडॉ समिती २०१३ मध्ये युद्धकाळातल्या स्त्रियांवर वेगळी शिफारस काढते. कागदावर हे धागे कधीच एकत्र आलेत. आणि अफगाणिस्तान बघ, २०२१ मध्ये तालिबान सत्तेत आल्यापासून मुलींना सहावीच्या पुढे शाळा बंद, डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठं बंद, आणि त्याच महिन्यात एनजीओमध्ये काम करायलाही बायकांना बंदी. शिक्षणावरचा घाला आणि हक्कांवरचा घाला तिथे एकाच हाताने घातलाय, तिथे कुणी म्हणू शकत नाही की मी फक्त शिक्षणाचं बघते.

करिअर कसं घडतं ते समजून घ्यायचं तर दोन बायकांचा प्रवास वाच. लायबेरियाच्या लेमा ग्बोवी मूळच्या सोशल वर्कर, तिथल्या यादवी युद्धात ओढलेल्या पोरांबरोबर, मानसिक धक्क्यातून लोकांना सावरायचं काम करायच्या. त्यातून ओळखी झाल्या, ऐकायची सवय झाली, आणि २००३ मध्ये ख्रिश्चन आणि मुस्लिम बायका एकत्र पांढरे कपडे घालून राजधानी मोन्रोव्हियात मासळीबाजाराजवळ रोज धरणं धरून बसल्या ते त्या ओळखींच्या जोरावर. घानातल्या अक्रामध्ये शांततेची बोलणी लांबत चालली तेव्हा याच बायकांनी हॉलच्या दारात ठिय्या दिला, करार झाल्याशिवाय बाहेर सोडणार नाही म्हणून. ऑगस्ट २००३ मध्ये करार झाला. २०११ चं शांततेचं नोबेल ग्बोवींना एलेन जॉन्सन सर्लीफ आणि तवक्कुल करमान यांच्यासोबत मिळालं. आणि त्यांची कॉन्फ्लिक्ट ट्रान्सफॉर्मेशनमधली, म्हणजे संघर्ष सोडवण्याच्या अभ्यासातली, मास्टर्स डिग्री? ती २००७ ची, म्हणजे धरण्यानंतरची.

दुसऱ्या उत्तर आयर्लंडच्या मोनिका मॅकविल्यम्स. प्राध्यापक होत्या, घरगुती हिंसेवर संशोधन होतं. १९९६ मध्ये शांतता बोलण्यांसाठी निवडणूक जाहीर झाली आणि लक्षात आलं की टेबलावर जवळपास सगळे पुरुषच बसणार, तेव्हा त्यांनी आणि पर्ल सेगर यांनी काही आठवड्यांत विमेन्स कोअलिशन हा पक्ष उभा केला, कॅथलिक-प्रोटेस्टंट दोन्हीकडच्या बायकांचा, आणि टेबलावर दोन जागा मिळवल्या. १९९८ च्या गुड फ्रायडे करारात, म्हणजे तिथल्या शांतता करारात, हिंसेत बळी पडलेल्यांचे प्रश्न आहेत, दोन्ही समाजांच्या मुलांनी एकाच शाळेत शिकण्याला प्रोत्साहन द्यायचं वाक्य आहे, त्यामागे या बायकांचा रेटा होता. नंतर मॅकविल्यम्स तिथल्या मानवाधिकार आयोगाच्या प्रमुख झाल्या. संशोधन, शांतता, हक्क, सगळं एकाच आयुष्यात, पण सुरुवात ज्यात त्या पक्क्या होत्या तिथून झाली.

आता जे काम मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं त्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण कुठल्याही शाखेत गेलीस तरी तुला ते करावं लागणार आहे. कुणाची तरी हकीगत ऐकून लिहून घेणं. नवीन लोकांना वाटतं यात काय, रेकॉर्डर चालू करायचा आणि प्रश्न विचारायचे. पण साक्ष घेण्याचं अर्धं काम मुलाखतीच्या आधी होतं. ही बाई याआधी कुणाकुणाला हे सांगून बसलीये ते आधी शोधायचं, कारण एकाच बाईला पत्रकार, वकील, दोन एनजीओ आणि तपास पथक असे सगळे तेच ते विचारून जातात, दर वेळी ती पुन्हा त्या दिवसात जाते, आणि वर कोर्टात गेल्यावर पाच कथनांतला बारीकसारीक फरक काढून तिलाच खोटं पाडतात. दुभाषा कुठल्या बाजूचा, कुठल्या बोलीचा, बाई की पुरुष. खोलीच्या दारात दीर उभा आहे का, असेल तर त्या दिवशी शाळेबद्दल, पाण्याबद्दल बोलायचं आणि उठायचं. खुर्ची अशी ठेवायची की दार तिच्या नजरेसमोर राहील आणि तिला हवं तेव्हा उठून जाता येईल. आणि संमती म्हणजे कागदावरची सही नव्हे, तिला सोप्या शब्दांत सांगायचं की हे कुठे जाईल, कोण वाचेल, नाव येईल की नाही, आणि यातून तुला काय मिळणार नाही. हे शेवटचं लोक गाळतात. ती मदतीच्या आशेने बोलत असते, आणि तुझ्याकडे द्यायला ती मदत नसेल तर ते सुरुवातीलाच सांगायला पाहिजे, मग ती नाही म्हणाली तर नाही, वही मिटायची.

यासाठी जगाने नियम लिहून ठेवलेत आणि फुकट वाचायला मिळतात. छळाची नोंद कशी करायची यासाठी इस्तंबूल प्रोटोकॉल, १९९९ चा, २०२२ मध्ये सुधारलेला. युद्धातल्या लैंगिक अत्याचारांबद्दल माहिती गोळा करताना काय पाळायचं यासाठी मुराद कोड, २०२२ चा, नादिया मुराद यांच्या नावाने, ज्या स्वतः इराकमध्ये असे अत्याचार सोसून वाचल्या आणि ज्यांना २०१८ चं शांततेचं नोबेल मिळालं. मोबाईलवरचे व्हिडिओ, सोशल मीडियावरच्या पोस्ट पुरावा म्हणून कशा जपायच्या यासाठी बर्कली प्रोटोकॉल, २०२० चा. हे तीन नीट वाचलेस तर इंटरव्ह्यूत ते दिसतं, मी स्वतः उमेदवार घेताना पहिल्यांदा हेच बघते की समोरच्याला फोटोतलं लोकेशन काढून टाकायचं सुचतं का, नावाऐवजी कोड आणि कोडची यादी वेगळ्या जागी ठेवायचं सुचतं का.

शिक्षणाच्या बाजूला तुझ्यासाठी सरळ दार आहे, त्याला एज्युकेशन इन इमर्जन्सीज म्हणतात, युद्ध किंवा आपत्तीत शाळा चालू ठेवणं. यात बीएड आणि वर्गावरचा अनुभव फार मोलाचा, कारण अहवाल लिहिणारे खूप आहेत, पण तंबूत तीन इयत्ता एकत्र बसवून शिकवायचं कसं, घाबरलेल्या मुलाला पहिल्या दिवशी काय करायला द्यायचं, हे माहीत असलेले कमी. आयएनईई नावाचं याच कामाचं जागतिक नेटवर्क आहे, त्यांचे मिनिमम स्टँडर्ड्स २००४ मध्ये पहिल्यांदा आले, २०२४ मध्ये नवीन आवृत्ती आली, ते वाच आणि त्यांची मेलिंग लिस्ट घे, नोकऱ्याही त्यावर येतात. मुली शाळा का सोडतात याचं ठरलेलं उत्तर, आईबाप मागासलेले, ते सोडून दे. अंतर, संडासाची सोय, पाळीच्या दिवसांत काय, वरच्या वर्गाला बाई शिक्षिका आहे का, रस्त्यात कोण उभं असतं, निर्वासित मुलीचा जुना दाखला चालतो का, शाळेची भाषा तिला येते का, हे एकेक करून विचारायला शिक. दाखल्यावरून किती मुली अडतात हे बघून अजूनही माझा संताप होतो.

डिग्रीचं. एलएलएमला बहुतेक ठिकाणी आधी कायद्याची पदवी लागते, तुझ्याकडे ती नाही, त्यामुळे खटल्यांचंच काम करायचं असं मनात नसेल तर तो नाद सोड. कायद्याची पदवी नसलेल्यांसाठी मानवाधिकारात एमए असतात, पीस स्टडीजमध्ये ब्रॅडफर्डसारखा १९७३ पासूनचा विभाग आहे, कोस्टा रिकामध्ये यूएनच्या ठरावाने १९८० मध्ये स्थापन झालेलं युनिव्हर्सिटी फॉर पीस आहे. पण माझं स्पष्ट मत, आत्ता लगेच जाऊ नकोस, कर्ज काढून तर नकोच. रोटरी पीस फेलोशिप पूर्ण खर्च देते पण मास्टर्ससाठी संबंधित कामाचा तीन वर्षांचा अनुभव मागते, ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती दोन वर्षांचा मागते. म्हणजे आधी दोन-तीन वर्षं या क्षेत्रात काम केलंस तर तीच डिग्री फुकट होण्याची शक्यता आहे, आणि वर्गात बसल्यावर प्रश्नही खरे पडतात.

यूएनबद्दल. लोकांना वाटतं एक मोठं दार आहे, तसं नाहीये. तरुणांना नोकरीत घेणाऱ्या यंग प्रोफेशनल्स प्रोग्रॅमची परीक्षा ३२ वयापर्यंत देता येते, पण दर वर्षी ठराविक देशांच्याच नागरिकांना आणि ठराविक विषयांनाच, त्यामुळे दर वर्षी यादी बघावी लागते. जेपीओ, म्हणजे ज्युनियर प्रोफेशनल ऑफिसर, या जागांचा पैसा श्रीमंत देशांची सरकारं देतात आणि बहुतेक स्वतःच्याच नागरिकांसाठी. सचिवालयाची इंटर्नशिप बिनपगारी असते, ती परवडते त्यांचीच होते, हा अन्याय आहे आणि तो बोलून दाखवला पाहिजे. त्या मानाने यूएन व्हॉलंटियर्स बरं, राहण्या-जेवण्याचा भत्ता मिळतो आणि स्वतःच्या देशातल्या जागाही असतात. आणि नॅशनल ऑफिसरच्या जागा विसरू नकोस, त्या फक्त त्या देशाच्या नागरिकांसाठी असतात, स्पर्धा तुलनेने कमी, आणि भाषा येत असल्यामुळे खरं काम तेच लोक करतात. यूएनच्या सहा भाषांपैकी इंग्रजी आहे, त्यात फ्रेंच किंवा अरबीची भर घातलीस तर अर्ज लगेच वर येतो.

यूएनच्या बाहेर राहून यूएनवर परिणाम करायचा मार्ग जास्त उघडा आहे. सीडॉ समितीत २३ तज्ज्ञ असतात, सरकारं तिथे आपापला अहवाल देतात, आणि संस्था त्याच्या शेजारी स्वतःचा वेगळा अहवाल देतात, त्याला शॅडो रिपोर्ट म्हणतात. यूएनच्या मानवाधिकार परिषदेत साधारण साडेचार वर्षांनी प्रत्येक देशाची तपासणी होते, तिथेही संस्थांचं निवेदन जातं. हे अहवाल लिहायला लहान संस्थांकडे माणूस नसतो. एका चांगल्या शॅडो रिपोर्टचं एक प्रकरण, समज मुलींच्या गळतीवरचं, तू नीट आकडे आणि नीट हकीगती घालून लिहिलंस तर ते तुझं खरं सर्टिफिकेट.

पैसा. खोटं सांगत नाही, हे दिवस वाईट आहेत. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि १ जुलै २०२५ ला यूएसएड, म्हणजे ती मदत देणारी त्यांची सरकारी संस्था, बंदच झाली, त्यावर चालणारे दवाखाने, शाळा, कायदा मदत केंद्रं धडाधड बंद पडली, यूएनच्या संस्थांनीही माणसं कमी केली. वीस वर्षं अनुभवाची माणसं सध्या नोकरी शोधतायत, आणि त्यांच्याशी तुझी स्पर्धा आहे. करार सहा महिन्यांचे, वर्षाचे असतात, दोन करारांच्या मध्ये रिकामे महिनेही जातात. म्हणून शाळेची नोकरी एकदम सोडू नकोस, बाजूला सहा महिन्यांचा खर्च साठव, आणि मॉनिटरिंग, बजेट, एक्सेल हे रुक्ष वाटणारं शिकून घे, कपातीत हे लोक शेवटी जातात. मुली अजूनही शाळेबाहेरच आहेत, फंड आटला म्हणून त्यांची गरज आटलेली नाही, हे लक्षात ठेवून मी टिकून आहे.

धोक्याचं घरच्यांना पटेल असं सांगायचं तर, या क्षेत्रातले बरेचसे लोक शहरातल्या ऑफिसात, ट्रेनिंग हॉलमध्ये, शाळांमध्ये काम करतात. फिल्डवर जाण्याआधी सुरक्षा ट्रेनिंग असतं, यूएनचा बीसेफ नावाचा ऑनलाइन कोर्स कुणालाही फुकट करता येतो, घरच्यांना शेजारी बसवून कर. पण खरा धोका बहुतेक वेळा स्थानिक माणसाला असतो, आपण निघून येतो, दुभाषा आणि ड्रायव्हर तिथेच राहतात, त्यांचं नाव कुठल्याही फोटोत, आभाराच्या ओळीत जाऊ नये ही जबाबदारी तुझी. दुसरा धोका हळू येतो, इतरांच्या हकीगती ऐकून ऐकून झोप उडते, चिडचिड होते, किंवा काहीच वाटेनासं होतं. ज्या संस्थेत समुपदेशनाची सोय आणि सक्तीची सुट्टी आहे का हे विचारल्यावर लोक गप्प होतात, तिथे पहिली नोकरी घेऊ नकोस.

तर तुझ्यासाठी पुढच्या वर्षाचं मी असं करेन: शाळा चालू ठेव, शनिवार-रविवार कुठल्यातरी कायदा मदत किंवा स्थलांतरितांच्या मुलांच्या शाळेवर काम करणाऱ्या लहान संस्थेत जा, तिथे आधी नुसतं बघ, मग नोंदी लिहायला माग. आपल्या देशावरचे सीडॉ समितीचे शेवटचे निष्कर्ष डाउनलोड करून शिक्षणाचा भाग वाच, त्यातल्या एका शिफारशीचं आपल्या भागात काय झालं ते शोध आणि चार पानं लिही. ती चार पानं झाली की मला पाठव, बायोडाटा नंतर बघू.